लुगड्याचं चाक

आमच्या आंजी गावात मोटारी जाळायचं काम वीज करते आणि त्या पुन्हा बांधायचं काम मी. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलला बांधून माझ्या दुकानात आणून टाकतो आणि टाकता टाकता विचारतो, "उद्या भेटन ना?" उद्या कोणाचीच भेटत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तांब्याच्या तारेत आणि वार्निशमध्ये राहून माझी बोटं कायमची काळी झाली आहेत. लग्नाच्या पंगतीत मी चमच्याने जेवतो. लोकांना वाटतं, गडी सुधारला.

एवढं सांगायचं कारण असं, की मोटार या विषयात मला कोणी शिकवलेलं खपत नाही. बाकी विषयांतही फारसं खपत नाही, असं बायको म्हणते.

गेल्या हिवाळ्यात माय अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगटातला जोर परत आला नाही. भाकरी थापायचं काम सुनेकडे गेलं त्याचं मायला काही वाटलं नाही. तिला घोर लागला तो बुद्ध पौर्णिमेचा. आमच्या विहारात पितळेची बुद्धमूर्ती आहे, बसलेली, दोन्ही हातांच्या कवेत येईल एवढी. माय लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून दर बुद्ध पौर्णिमेच्या आधी ती मूर्ती तीच घासते. चिंचेचा कोळ, चुलीची राख आणि हाताचा जोर. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं, आणि तिच्याकडून कोणी मागितलंही नव्हतं.

यंदा विहार समितीतली पोरं घरी आली. चांगली पोरं आहेत, मायच्या तब्येतीची विचारपूस केली, चहा घेतला.

"आजी, तू आता तकलीफ नको घेऊ," त्यातला एक म्हणाला. "मूर्तीले आमी सोनेरी रंग मारून टाकतो. मंग दरसाल घासाची भानगडच नाई."

पोरं गेल्यावर माय म्हणाली, "पितळेले रंग मारतेत काय? जित्या माणसाले मुखवटा लावल्यावानी." त्या दिवशी ती अर्धीच भाकर खाऊन उठली. आमच्या घरात मायने भाकर टाकली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, असं समजायचं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. मी तसाच उठून समितीच्या पोरांकडे गेलो आणि सांगून आलो, की पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. मूर्ती मी चमकवून देतो, मशीनवर. नाही चमकली तर खुशाल रंग मारा.

मशीन माझ्याकडे नव्हतं. वर्ध्याला जाऊन दुकानात पॉलिशच्या मशीनची किंमत विचारली, बाहेर येऊन उसाचा रस प्यालो आणि घरी आलो. म्हटलं, आपला हात जगन्नाथ.

आमच्याकडे ज्याच्या घराला गच्ची आहे त्याच्या गच्चीवर एक मेलेला कूलर असतोच. आमच्या कूलरची मोटार काढून मी लाकडी पाटावर बसवली. मोटार फिरली झकास, पण दांड्याला चिंध्या गुंडाळून तांब्या टेकवला की जागच्या जागी थांबायची. पंखा फिरवणं वेगळं आणि पितळ घासणं वेगळं. मग दुकानात पडलेल्या एका जुन्या वॉशिंग मशीनची कपडे पिळायची मोटार घेतली. ती थांबणारी नव्हती. तिच्या दांड्यावर चाक आवळून बसावं म्हणून सेलूच्या लेथवाल्याकडून आटे पाडलेला एक लोखंडी तुकडा कातून आणला. खाली सागाची फळी, वर पत्र्याचं झाकण. बायकोने कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं.

"मूर्ती एवढीशी, अन् हे धूड केवढं," ती म्हणाली. "नाकापरीस मोती जड."

आता राहिलं चाक. ते कापडाचं लागतं, गोल गोल तुकडे एकावर एक ठेवून शिवलेलं. आमच्यात पौर्णिमेला बाया पांढरं नेसून विहारात जातात, त्यामुळे घरात जुन्या पांढऱ्या साड्यांना तोटा नाही. बायकोची एक साडी घेतली, ताट ठेवून गोल कापले, मधून शिवले. पॉलिशची हिरवी वडी चाकाला लावली आणि तांब्या टेकवला. क्षणभर चकाकी आली, मग असा काही वास सुटला की माय आतून बाहेर आली. चाक वितळून तांब्यावर काळा, चिकट पट्टा उठला होता.

"तुले मोटारीतलं समजते, कपड्यातलं समजत नाई," माय म्हणाली. "हे सूत होय काय? प्लास्टिक होय हे."

मी तणतणत अंगणात दोन फेऱ्या मारल्या. परत आलो तर मायने तिचं स्वतःचं सुती पांढरं लुगडं पेटीतून काढून ठेवलं होतं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की हातातून ओघळत होतं. मी म्हटलं, "माय, हे तर तुहं पौर्णिमेचं." ती म्हणाली, "मंग? काम बी पौर्णिमेचंच हाये."

तिला सुई धरवेना. ती खाटेवर बसून हुकूम सोडायची आणि सून शिवायची. वाकळ शिवताना घालतात तसे बारीक टाके, मधून सुरू करून गोल गोल बाहेर. टाका जरा लांब पडला की माय उसवायला लावी. बायकोने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी एवढं उसवलं असतं तर सुई फेकून दिली असती.

ते चाक मात्र सोन्यासारखं निघालं. आधी तांब्या केला, मग समई. तांब्या एकदा चाकाच्या वरच्या अंगाला लागला, तर चाकाने तो हिसकावून थेट खाटेखाली भिरकावला. तेव्हापासून वस्तू खालच्या अंगालाच धरायची, हे डोक्यात बसलं. स्कूटरच्या दिव्याची पिवळी पडलेली प्लास्टिकची काच केली. दाबली तर जळते, नुसती टेकवली की पाण्यासारखी स्वच्छ होते. शेजारच्या बाया डबे, पळ्या, टोप घेऊन येऊ लागल्या. माझी छाती फुगली होती, ती लपवायचा मी काही प्रयत्नही केला नाही.

पौर्णिमेला दोन दिवस असताना मी आणि समितीचं एक पोरगं मूर्ती चादरीत गुंडाळून घरी घेऊन आलो. उन्हं चढायच्या आत अंगणात मशीन लावलं. मी मूर्ती छातीशी धरून चाकाला टेकवायचो आणि बायको दुसऱ्या अंगाने आधार द्यायची. पाठ झाली, खांदे झाले, मांडीवर ठेवलेले हात झाले. वर्षभराचं काळं निघून पिवळंधमक पितळ वर आलं. आता फक्त तोंड राहिलं. मी मूर्ती वळवली, तेवढ्यात माय उठून आली आणि तिने मूर्तीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"तोंडाले चाक नाई लावाचं."

"काऊन?" मी म्हटलं. "मायबाई, अंग चमकन अन् तोंड कायंकुट्ट राहीन. पोट्टे लगेच रंगाचा डबा उघडतीन."

"उघडू दे. चाक नाई."

मी मोटार बंद केली. रागाने काही बोलणार होतो, पण तिचा हात हटल्यावर उजेडात ते तोंड पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. नाकाचा शेंडा झिजलेला, पापण्यांच्या रेघा पुसट, ओठांवरचं हसू असेल-नसेल एवढंच उरलेलं. इतकी वर्षं तिने जपून घासलं, तरी एवढं गेलं होतं. माझ्या चाकाने उरलेलं एका दमात गेलं असतं.

माय मूर्ती समोर घेऊन बसली. चिंचेच्या कोळात अंगठा बुडवून गालावरून फिरवू लागली. इथे मनगटाचा जोर लागतच नव्हता. पण कपाळ आणि एक गाल होईतो तिचं मनगट भरून आलं. तिने मला हाक मारली.

"हात धुऊन ये."

मी साबणाने धुतले, मग रॉकेलने, मग पुन्हा साबणाने. परत येऊन बोटं दाखवली. "निघत नाई माय. हे आता माह्यासंगच जाईन."

"राहू दे. पितळ बी कायं पडतेच." तिने माझा अंगठा धरून मूर्तीच्या डोळ्याखाली ठेवला. "जोर नको लावू. डोयापासून खाली येजो. खालून वर नाई."

गालावर एक उथळ खळगा होता. माझा अंगठा त्यात अलगद बसला. त्या जागी आजवर एकाच माणसाचा अंगठा फिरला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी डोळ्यापासून खाली येत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पोरं येऊन मूर्ती पाहून गेली. रंगाचा डबा विहाराच्या फाटकाला लागला, आणि फाटक खरोखरच छान दिसतं.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली. लोक माझ्या मशीनचं कौतुक करत होते आणि मी मोटारीचा फेरा, लेथचा तुकडा, सगळं रंगवून सांगत होतो. माय दुसरं पांढरं लुगडं नेसून भिंतीशी बसली होती. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, आता शाबासकी देणार.

ती मूर्तीकडे पाहत हळूच म्हणाली, "हनवटीखाली जरा राहून गेलं तुहं. पुढच्या साली पाह्यजो."