दारापुरता मेलेला एलादिओ

एलादिओ जिवंत आहे हे डोंगरातल्या बेनाझार गावात कुणालाही ठाऊक होतं. तो शिंकला की चौकातली कबुतरं उडायची आणि चर्चच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपायचं. असा माणूस मेलाय असं कुणी म्हटलं तरी पटायचं नाही. तरीही सकाळी पाहुण्यांची बस डोंगर चढून आली की ती उतरेपर्यंत एलादिओ मेलेला असायचा.

आता मेलेला म्हणजे अगदी गावभर नव्हे. चौकात तो जिवंत होता. गुत्त्यात जिवंत होता, आणि उधार वाइन मागण्याइतका जिवंत होता. गिधाडं बघायला दुर्बिणी घेऊन आलेले पाहुणे वरच्या खळ्याजवळ त्याचे फोटोसुद्धा काढायचे, कारण त्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या त्यांना आवडायच्या. मेलेला होता तो फक्त स्वतःच्या दारात. आणि म्हाताऱ्याला बसायचं होतं नेमकं तिथंच.

याला कारण त्याची बायको कासिल्दा, आणि तिच्या नातेवाइकांची एकापाठोपाठ एक मरायची खोड. त्या गावात घरचं माणूस गेलं की बाईने काळं घालायचं, आणि तेही दोन-तीन दिवस नाही, वर्षानुवर्षं. कासिल्दाचा बाप गेला तेव्हा तिने काळं घातलं. ते उतरवायच्या आत आई गेली. मग सासू गेली, आणि सासूसाठी कमी दिवस काळं घातलं तर गाव काय म्हणेल म्हणून तिने चांगली लांबण लावली. मग भाऊ. मग अर्जेंटिनाला पळून गेलेला एक काका, ज्याला घरात कुणी पाहिलेलंही नव्हतं, पण मेल्याचं कळवण्यापुरता तो सगळ्यांना आठवला. अशी निम्मी हयात काळ्या कपड्यात गेली, आणि या सगळ्यात नवरा मात्र ठणठणीत.

एका वसंतात, गावातल्या बायकांनी नुकताच भिंतींना चुना दिलेला असताना, कासिल्दा दाराशी खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पांढरीफेक भिंत, जिरेनियमची लाल कुंडी आणि मधे ही काळी बाई. कुणीतरी फोटो काढला, आणि तो गिधाडांच्या अभयारण्याच्या माहितीपत्रकावर छापून आला. झालं. बसमधून उतरणारा प्रत्येक जण आधी तिलाच शोधायला लागला. कुणीतरी हातात हात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं, आणि कासिल्दाने रीतीप्रमाणे "देव तुमचं भलं करो" म्हटलं, कारण अर्जेंटिनाच्या काकाचा दुखवटा अजून चालू होता. ती विधवा आहे असं ती म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तशाच भरल्या डोळ्यांच्या घोळक्यासमोर एलादिओ गंजिफ्रॉकवर बाहेर आला आणि ओरडला, "अगं ए, कांदे कुठं मेले?"

विधवेच्या घरात गंजिफ्रॉकमधला पुरुष! पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की बेनाझार दिसायला सुंदर आहे, पण आतून सडलेलं आहे. पुढच्या आठवड्यात बस अर्धीच भरून आली.

मग सरपंच अरासेली स्वतः आली. बेनाझारमधली खानावळ, खोल्या, बकरीचं चीज विकणारं दुकान, सगळं त्या बसवर चालायचं, आणि खोल्या तर तिच्या बहिणीच्याच होत्या.

"काका," ती म्हणाली, "बस असते तेवढा वेळच. मागच्या दाराने जा-ये करायची, बस."

"म्हणजे मी मरू?"

"मरायचं कशाला! नुसतं असायचं नाही."

"आणि मला विचारायला कुणी आलं नाही," कासिल्दा आतून म्हणाली. "अर्जेंटिनाच्या काकाचं काळं या वर्षी संपतंय. मी तो हिरवा फुलांचा पोशाख बाहेर काढून ठेवलाय."

"मावशी, हिरवा संध्याकाळी घाल ना. घरात. कोण नको म्हणतंय?"

एलादिओ आधी पोट धरून हसला. गुडघे गेल्यावर त्याने बकऱ्या विकल्या होत्या, तेव्हा फुकट काही काम मिळतंय तर करू म्हणाला. आपल्याला ज्याचा जाच होणार आहे ते काम माणूस नेहमी हसतच घेतो.

जाच खुर्चीपासून सुरू झाला. दाराशी दोन खुर्च्या होत्या. डोंगरातलं चिवट गवत वळून त्यांची बैठक एलादिओने स्वतः विणली होती, लग्नाच्या वर्षी. आयुष्यभर तो बकऱ्या कोंडून आला की तिच्या शेजारी त्या दुसऱ्या खुर्चीत बसायचा. अरासेलीने आधी ती खुर्ची आत ठेवायला लावली. मग गावाचा वाटाड्या नीकानोर, जो आपण खोटं बोलत नाही असं म्हणायचा पण खरंही कधी पुरतं सांगायचा नाही, म्हणाला, "नको, ती बाहेरच असू दे. रिकामी. लोकांच्या काळजाला हात घालते." लोकांनी तिच्यावर फुलं ठेवायला सुरुवात केली. एलादिओ पडद्याआडून आपल्या खुर्चीवरची फुलं बघायचा आणि मागे कोंबड्यांच्या खुराड्याशी एका उलट्या बादलीवर बसायचा. बस गेल्यावर बसावं, तर शरदात बस अंधार पडायलाच जायची, आणि थंडीत दाराशी कोण बसतंय?

नीकानोरच्या तोंडून मेलेला एलादिओ दिवसेंदिवस सुधारत गेला. तो घळीत पडलेलं करडू वाचवायला उतरला होता. तो बायकोसाठी गायचा. रोज संध्याकाळी टेबलाखालची शेगडी तोच पेटवायचा, तिचे पाय गार पडू नयेत म्हणून.

"मी कधी गायलो?" एलादिओने विचारलं.

"तू नाही रे," कासिल्दा कांदा चिरत म्हणाली. "तो गायचा."

तो! घरात तिसरा माणूस शिरला होता आणि त्याला बाहेर काढायची सोय नव्हती, कारण तो मेलेला होता. एलादिओने चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की कासिल्दा म्हणायची, "त्याने असं केलं नसतं." ती थट्टा करत होती. पण एलादिओला ते लागायचं. तो चक्क स्वतःवर जळायला लागला. एका संध्याकाळी त्याने शेगडी पेटवली. टेबलक्लॉथला भोक पडलं. एका संध्याकाळी त्याने गाऊन पाहिलं. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं की डुकराला काय झालंय.

"राहू दे," कासिल्दा म्हणाली. "तुला जमायचं नाही."

हे ती हसत म्हणाली, पण एलादिओला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दर ऑक्टोबरात, चेस्टनट पडायला लागले की, हॉलंडहून बायकांचा एक घोळका डोंगर चालायला यायचा. त्यांची पुढारी हानेका ही उंच, प्रामाणिक आणि भयंकर बाई होती. कासिल्दासाठी तिने गावची भाषा शिकून घेतली होती. एका वर्षी तिने नीकानोरला सरळ विचारलं, "ते कधी गेले?"

नीकानोर गडबडला. "याच दिवसांत," तो म्हणाला. "चेस्टनट पडत होते."

"मग आम्ही त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सेची प्रार्थना सांगणार," हानेका म्हणाली आणि चर्चकडे निघालीसुद्धा.

फादर सातुर्योंनी डोक्याला हात लावला. जिवंत माणसाचं श्राद्ध घालायला ते तयार नव्हते. नाही म्हणायलाही तयार नव्हते, कारण छप्पर गळत होतं आणि हॉलंडच्या बायका दानपेटीशी कंजूष नव्हत्या. शेवटी त्यांनी वाट काढली. "मिस्सा जिवंतांसाठीही करता येते," त्यांनी अरासेलीला सांगितलं. "मी 'एलादिओसाठी' म्हणेन, आणि एलादिओ कुठे आहे ते बोलणार नाही. गरज तर त्याला आहेच."

त्या दिवशी चर्च भरलं तसं नाताळातही भरत नव्हतं. जे गुत्त्यातून कधी हलले नव्हते तेसुद्धा टोप्या काढून आले. शेवटच्या बाकावर एलादिओ बसला. त्याला बोलावलं नव्हतं, पण आपल्याच मिस्सेला आमंत्रण कसलं हवंय? मेणबत्त्यांचा धूर नाकात गेला आणि तो शिंकला. सगळं गाव शर्टाच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून हादरत राहिलं. हानेकाला वाटलं, रडताहेत. ती मागे वळली आणि एलादिओला आपला रुमाल दिला.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"थोडंफार," एलादिओ म्हणाला.

मिस्सा संपली तेव्हा हानेकाने कासिल्दाला हाताला धरून पुढे नेलं. दोन शब्द बोला, म्हणाली. कासिल्दा उभ्या जन्मात चार माणसांपुढे बोललेली नव्हती. तिने काळ्या स्कर्टला हात पुसले. गाव हसायची तयारी करून बसलं.

"तो गायचा नाही," ती म्हणाली.

नीकानोर खाली बघायला लागला.

"शेगडीपण मीच पेटवायची. त्याने पेटवली की भोक पडतं. माझा हरभऱ्याचा रस्सा चांगला झालाय, असं तो कधीही म्हणाला नाही. नुसती पावाने ताटली पुसायचा, इतकी की मला ती धुवावी लागायची नाही. माझी आई आजारी पडली त्या वर्षी बर्फ होतं, गाडी वर येईना. त्याने तिला पाठीवर घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत नेलं, आणि अख्खा रस्ता कुरकुरला. आई म्हणाली, मरायच्या आधी एवढ्या शिव्या ऐकल्या की आता नरकाची भीती नाही."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.

"मी एकामागून एक काळं घालत गेले. लोक म्हणायचे, नवऱ्यानेही काळा सदरा घालावा. त्याने त्याचा तो लाल चौकड्यांचा सोडला नाही. मला म्हणाला, घरात कुणीतरी रंगीत असायला हवं, नाहीतर तुला परत यायची वाट सापडायची नाही." तिने नाक ओढलं. "संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसायचा. काही बोलायचा नाही. तासन्‌तास काही बोलायचा नाही. मला वाटायचं, काय हा ठोंब्या माणूस. आता त्या खुर्चीवर तुम्ही फुलं ठेवता. फुलं छान आहेत. पण मला फुलं नकोत. मला तो हवाय."

एवढं बोलून ती बाकावर जाऊन बसली, जशी बाजारातून दमून आल्यावर बसायची. हॉलंडच्या बायका रडत होत्या. अरासेली रडत होती, आणि नंतर तिने ते मेणबत्त्यांच्या धुरावर ढकललं. शेवटच्या बाकावर एलादिओ हानेकाचा रुमाल तोंडाला लावून बसला होता. त्याला पन्नास वर्षांत एवढं कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे ऐकायला त्याला मरावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस चौकात उभी असताना, भर दुपारी, एलादिओ पुढच्या दाराने बाहेर आला. अंगात लाल चौकड्यांचा सदरा होता. त्याने खुर्चीवरची फुलं उचलून जिरेनियमच्या कुंडीत खोचली आणि बसला. थोड्या वेळाने कासिल्दा बाहेर आली. तिने हिरवा फुलांचा पोशाख घातला होता. तो पाठीवर उसवलेला होता, कारण तो शिवला तेव्हा ती बरीच बारीक होती. ती शेजारच्या खुर्चीत बसली. 

गल्लीच्या तोंडाशी पाहुणे आले. पुढे हानेका, हातात निरोपाची फुलं. सगळे थांबले. अरासेली मागून धावत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, चुन्याने तिचा कोट पांढरा झाला तरी तिला कळलं नाही.

नीकानोरने कपाळ पुसलं. "हे..." तो म्हणाला. "हे यांचे... दुसरे."

"दुसरे?" हानेकाने हिरव्या पोशाखाकडे पाहिलं. "कालच मिस्सा झाली!" मग तिने एलादिओकडे नीट पाहिलं, आणि तिचा चेहराच बदलला. "तुम्ही! तुम्ही शेवटच्या बाकावर होता! मी तुम्हाला रुमाल दिला. तुम्ही त्यांना ओळखत होता!"

एलादिओने खिशातून रुमाल काढला. कासिल्दाने तो सकाळीच धुऊन, इस्त्री करून दिला होता. त्याने तो हानेकाच्या हातात ठेवला.

"बाई," हानेका कासिल्दाला म्हणाली, आणि तिचा आवाज दुखावलेला होता, "पहिला माणूस फार चांगला होता हो तुमचा."

 कासिल्दाने शेजारी पाहिलं. एलादिओने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"होता ना," तो म्हणाला. "मलाही कालच कळलं."

"पाय आत घे," कासिल्दा म्हणाली. "लोकांना जायला वाट दे."

त्याने पाय आत घेतले.