भिंतीपलीकडचा मोर

आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. दोन सुनांना साड्या आणायच्या तर एकाच गठ्ठ्यातल्या. थोरलीच्या पदराला एक बुट्टी जास्त नको, धाकटीच्या एक कमी नको. थोरली मी. त्यामुळं दोघा भावांनी, म्हणजे आमच्या नवऱ्यांनी, टॉवेलच्या मागांसाठी सुटे भाग आणायला मुंबई गाठली आणि येताना हौसेनं घरगुती कॉम्प्युटर आणला, तेव्हा एक नाही, दोन आणले. अगदी जुळे.

त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे जाडजूड कीबोर्ड, बाकी सगळं त्याच्याच पोटात. त्याला स्वतःचा पडदा नसायचा. मागनं वायर काढून घरातल्या टीव्हीला जोडायची. आणि इथंच सासूबाईंचा नियम फसला. धाकटीच्या माहेरून रंगीत टीव्ही आलेला. माझ्याकडं काळा-पांढरा, लाकडी शटरवाला.

मग काय, मी ते शटर धाडकन ओढून घेतलं.

आमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या करतात आणि त्यांच्यापुढची आरास बघायला गल्लीतल्या बायका दारोदार फिरतात. कुणाकडं कारंजं, कुणाकडं फिरतं चक्र. मी ठरवलं, आपल्या लक्ष्म्यांपुढं कॉम्प्युटरवरचा मोर नाचवायचा. टॉवेलची नक्षी काढायचा चौकटींचा कागद घरात होताच. त्यावर चौकोन भरत मोर उभा केला, चौकोनांचे आकडे केले, आकडे मशीनला दिले. बटण दाबलं की मोर पडद्याच्या तळाशी उभा राहायचा, उडी मारून वर जायचा, पुन्हा खाली. धाकटीनंही मोर काढला. माझं बघूनच, असं माझं आजही म्हणणं आहे. पण तिचा मोर रंगीत! मी तिच्या उंबऱ्यात उभी राहून बघितला. आत पाय टाकला असता तर कौतुक करावं लागलं असतं.

त्या वयात मी अकलेचा नुसता डोंगर होते. बाजारात तेव्हा टीव्हीवर लावायचा प्लास्टिकचा रंगीत पडदा मिळायचा. वरचा पट्टा निळा, मधला तांबडा, खालचा हिरवा. काळ्या-पांढऱ्या चित्रात आभाळ निळं, माणसं तांबूस आणि गवत हिरवं दिसावं म्हणून. बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी हिरवी व्हायची, तिकडं दुर्लक्ष करायचं. तो पडदा मी लावला आणि भरजरी नेसून आराशीशेजारी उभी राहिले. मोर खाली होता तोवर हिरवागार. उडाला की तांबडा. वर पोचला की निळा. खाली उतरताना पुन्हा तांबडा.

एक बाई म्हणाली, "अगं बाई, हा तर चौकातला सिग्नल हाय की!"

धाकटी पदरात तोंड खुपसून हसली. आमच्या दोन घरांत भिंत एकच. ते हसू त्या भिंतीत मुरलंय, अजून ऐकू येतं मला.

मग मीही रंगीत टीव्ही घेतला. पण तोवर धाकटीनं मशीन उघडून घेतलेलं. पूर्वी कॉम्प्युटरचं चित्र ॲंटेनाच्या भोकातून टीव्हीत शिरायचं, म्हणून पडद्यावर मुंग्या यायच्या. तिनं मशीनमधून थेट चित्राची वायर काढून घेतली. मुंग्या पळाल्या. मी तशी वायर काढून घेईतो तिनं टीव्हीच मोठा आणला. साड्या एका गठ्ठ्यातल्या, पण चित्रात मी कायम एक पायरी खाली. पुढं नवे कॉम्प्युटर आले, दोन्ही मशिनं माळ्यावर गेली, आणि मला वाटलं सुटले.

कुठली सुटतेय! यंदा श्रावणात भिंतीपलीकडनं हाक आली.

"अक्का, या की जरा. गंमत दाखवते."

गेले. उंबऱ्यात थांबले. भिंतभर चपटा टीव्ही, आणि त्यावर तिचा तोच जुना मोर. काय तो निळा रंग! नजर ठरेना.

"जवळ या की, अक्का."

"हितनं दिसायलंय की सगळं."

"अहो, जवळनं बघा तरी."

"गुडघे दुखायलेत माझे." गुडघे ठणठणीत होते. दुखत होतं ते वेगळंच.

"तुमचा टीव्ही अजून तो खोकाच का?" ती म्हणाली. झालं. मी, नातवंडं असलेल्या बाईनं, त्या रात्री जेवताना भाकरी मोडली ती त्या टीव्हीचा कान पिरगाळावा तशी.

आमचे हे म्हणाले, "आपल्या खोक्यावर बरा दिसायचा की मोर."

"तुम्हाला काय कळतंय?"

यंदा बायका माझ्या लक्ष्म्यांपुढं थबकल्या पाहिजेत, बस्स. मी चपटा टीव्ही आणवला. नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडून एक डबी आणली. जुन्या मशीनमधून निघणारं चित्र नव्या टीव्हीला समजेल असं करून देणारी. आणि खोका त्याच दुपारी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवला. वर त्याला चहाही पाजला.

मग माळ्यावरचं मशीन उतरवून मोर लावला. पडदा उजळला, आणि मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

मोर कुठला? विटांचा ढीग! निळ्या विटा, हिरव्या विटा, करकरीत कोपऱ्यांच्या. हे वाकून बघत म्हणाले, "खेकडा काढलास का यंदा?"

टॉवेलांच्या घरात जन्म गेला आणि मला हे कळू नये! मागावरून उतरलेल्या नव्या टॉवेलवरची नक्षी अशीच खडबडीत, चौकटी मोजून घ्याव्यात अशी असते. दोन धुण्यांत सूत फुलतं, कोपरे बुजतात, मोर गुबगुबीत होतो. जुना खोका माझ्या मोराचं तेच करत होता. काचेत रंग जरा पसरायचे, एकमेकांत मिसळायचे. नव्यानं चौकोन न् चौकोन चव्हाट्यावर आणला.

महालक्ष्म्यांच्या दिवशी बायका आल्या. टीव्हीकडं बघून म्हणाल्या, "छान आहे हो. काय आहे?" हळदीकुंकू घेतलं आणि पलीकडं गेल्या. भिंतीतून आवाज आला, "अय्या, मोर!"

मी तडक गेले, आणि उंबऱ्यातच खिळले. तिच्या लक्ष्म्यांपुढं, झेंडूच्या माळा घालून, माझा खोका! कोपऱ्यावरचा ओरखडासुद्धा माझाच.

"हा कुठनं आणलास गं?"

"तुमच्या दारातनं निघाला तोच भंगारवाला बोळात गाठला, अक्का. माझा खोका मी आधीच देऊन बसलेली. त्या मोठ्या पडद्यावर मोर म्हणजे नुसत्या विटा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"जवळनं बघा म्हणलं की मी. तुमचेच गुडघे दुखत होते."

खुर्ची ओढून बसले, करंजी घेतली. आणि देव असतो, खरंच असतो. मोर वर उडाला आणि सगळा पडदा हिरवा झाला. लक्ष्म्यांचे मुखवटेसुद्धा हिरवट दिसायला लागले. धाकटीनं बटणं दाबली, वायर काढली, घातली. मी करंजी संपवली. दुसरी घेतली.

"अक्का, बघा की जरा."

"खाऊ दे की."

"अक्का!"

उठले, पदर खोचला, खोक्याच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला एक थाप दिली. रंग परत आले. "त्याला माझ्या हाताची सवय आहे," मी जरा मोठ्यानंच म्हणाले. "माझाच तो." सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांनी माझ्या जिवाला असं थंड वाटलं म्हणून सांगू!

पण थाप मारायला मी जवळ गेले होते. एवढ्या जवळून तिचा मोर मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याला तुरा होता. डोक्यावर, नाजूक, टोकाला ठिपके असलेला. माझ्या मोराला तुरा नाही. कधीच नव्हता. मला सुचलाच नव्हता.

तिसरी करंजी तशीच ठेवून घरी आले. "चौकटींचा कागद कुठं ठेवलाय हो?" म्हणून ह्यांच्या मागं लागले. मिळाला. आत्ता समोरच आहे. तुरा काढतेय. तिच्यापेक्षा दोन चौकोन उंच.