नैरोबीची पत्रं

मी नांदुऱ्याच्या टपाल कचेरीत कारकून होतो, तेव्हा एक तरुण दर मंगळवारी खिडकीशी यायचा. सरकी काढायच्या जिनात कामाला असावा. बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. नैरोबीहून त्याच्या मित्राची पत्रं यायची. "घरी नका धाडू साहेब, भाऊ फोडते," असं त्यानं सांगून ठेवलं होतं. पासपोर्टही त्यानं असाच खिडकीवर घेतला. पत्र तो भिंतीला टेकून उभ्यानं वाचायचा आणि घडी शर्टाच्या आत सरकवायचा.

एकदा वाचताना हसला. मी कारण विचारलं.

"दोघाइले पुरन अशी खोली भेटली त्याले."

"लग्न ठरलं का त्याचं?"

"नाही. मले बोलावते." पत्राची घडी घालत तो म्हणाला, "आम्ही दोघंच राहू. तिथं आम्हाले कोणी ओळखत नाही."

मला समजलं. मी शिक्के मारत राहिलो.

पुढच्या मंगळवारी त्याचा भाऊ आला, मागे दोन गडी. "त्याले कोणाचं पत्र येते?"

जहाज कंपनीकडून आलेलं त्याच्या तिकिटाचं पाकीट माझ्या खणातच होतं. "कोणाचंच नाही," मी म्हणालो.

तासाभरानं तो आला. पाकीट देऊन मी भाऊ चौकशीला येऊन गेल्याचं सांगितलं. पासपोर्ट त्याच्या शर्टाच्या आतच होता; तो घरी न जाता तसाच स्टेशनवर गेला.

चार-पाच महिन्यांनी भाऊ पुन्हा आला, एकटाच. "माय जेवत नाही हो. जिवंत तरी हाय का तो?"

गेल्याच आठवड्यात मला त्याचं कार्ड आलं होतं. "जिवंत आहे. सुखात आहे," मी सांगितलं. गाव सांगितलं नाही.

"बरं," भाऊ म्हणाला आणि खिडकीची चौकट धरून उभा राहिला. मागे रांग खोळंबली, पण मी त्याला बाजूला हो म्हणालो नाही.