बाईंची ओटी

माझ्या धाकट्या भावाला कांजिण्या झाल्या तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. तो सुरतेजवळ कडोदऱ्याला लूम चालवतो आणि तिथेच एका खोलीत इतर कामगारांबरोबर राहतो. ताप चढला म्हणून रिक्षा करून तो उधन्याला आमच्या घरी आला. आम्ही साधा ताप समजलो. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तिला नुकताच नववा लागला होता. काकाला चहा-पाणी तीच देत होती. मग एका सकाळी त्याने बनियन वर केलं आणि पोटावर पाण्याने भरलेले टपोरे फोड दिसले.

माझी आई पंचाहत्तरीची आहे. लहानपणी धुळ्याकडच्या आमच्या गावी तिला खऱ्या देवी आल्या होत्या. तिच्या गालांवर त्याचे खड्डे आहेत. तिची पाठची बहीण त्यातच गेली. देवीचा रोग आता जगात उरलेला नाही, या कांजिण्या वेगळ्या, हे मी तिला पुष्कळदा समजावलंय. ती ऐकून घेते. भावाचे फोड पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

“बाई उनी,” ती म्हणाली. फोड आले की देवीच घरी आली असं ती मानते, आणि देवीला बाई म्हणते.

तेव्हापासून घरात फोडणी बंद झाली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. तापाच्या गोळ्या कपाटात गेल्या, कारण औषधाने बाई चिडतात. मुलीला वेगळ्या खोलीत ठेव, एवढं बायकोला बजावून मी कामावर गेलो. मी कापडाचे ताके तपासतो. मीटर मोजायचे, धागा तुटलेला दिसला की तिथे खूण करायची. त्या दिवशी माझं मोजणं दोनदा चुकलं.

संध्याकाळी घरी आलो तर मुलीच्या कपाळावर ठळक कुंकू आणि भावाच्या मांडीवर खण, नारळ, तांदूळ. भाऊ तापाने लाल झालेला, तरी हसत होता.

“भाऊ, आज माझी ओटी भरली. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पाया पडलं.”

“तुमच्या नाही काका, बाईंच्या,” मुलगी म्हणाली. “तुमच्या पायाला कोण हात लावेल? केवढा वास येतो!”

बायकोने मान खाली घातली. आईपुढे तिचं चाललं नव्हतं. पोटुशीने बाईंची ओटी भरली की पोटातल्या जिवाकडे बाई वळत नाहीत, असं आई मानते. तिने नातीला जवळ बसवून सगळं रीतसर करून घेतलं होतं. मी ओरडलो तेव्हा तिला खरंच कळेना की मी का ओरडतोय.

“मी पोरनं वाईट करसू का?” तिने विचारलं.

नाही. आमच्या घरात मुलीला तिच्याइतकं कोणी जपत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. हिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या असतील तर बहुतेक काळजी नाही. मी तिच्या वजनापासून रक्तगटापर्यंत सगळं सांगू शकलो असतो, पण हे मला माहीत नव्हतं. ती चार वर्षांची असताना आम्ही दोघं इथे आणि ती गावी आईजवळ होती. तेव्हा तिच्या अंगावर काहीतरी उठलं होतं. आईने निरोप धाडला होता, बाई येऊन गेल्या, आता पोर खेळतेय.

घरी येऊन आईला विचारलं. तो गोवर होता की कांजिण्या? बारीक लाल पुरळ होतं की पाण्याचे फोड?

“त्यासनाकडे कोणी निरखी पाहातस का?” आई म्हणाली.

बाईंचे दाणे निरखायचे नाहीत, कसे आहेत ते बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी पुन्हा विचारलं, हात धरून विचारलं. तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून आठवू लागली.

“माले याद नही, दादा. मी पोरले पांढऱ्या लुगड्यानं झाकी दिन्हं व्हतं. पाहिलंच नही.”

मुलीचं रक्त तपासलं. अंगात प्रतिकारशक्ती नाही, असा रिपोर्ट आला. त्यावरचं इंजेक्शन लवकर द्यावं लागतं. मी एकामागून एक औषधांच्या दुकानांना फोन केले, सुरतेत कुठेच मिळालं नाही. मागवलेलं येईपर्यंत त्याची वेळ टळली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, “हवे राह जोवानी, भाई.” आता वाट पाहायची.

भाऊ बरा होऊन लूमवर परत गेला. त्यानंतर मुलीच्या मानेवर पहिला फोड आला. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. प्रसूती आठवडाभर लांबली तर मुलीच्या अंगात तयार होणारी शक्ती बाळाला मिळेल, आत्ताच झाली तर बाळ उघडं पडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळं घर कळा येऊ नयेत म्हणून जीव मुठीत धरून बसलं. आईने नवस बोलला. तिला अडवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

कळा तिसऱ्याच दिवशी आल्या.

मुलगी झाली. जन्मताच तिला ते मागवलेलं इंजेक्शन दिलं आणि खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत नेलं. बाळाचं काय होईल ते कोणी सांगत नव्हतं. बाळंतीण वरच्या मजल्यावर, एकटी. माझ्या अंगावर कांजिण्या येऊन गेल्यात हे नक्की ठाऊक असल्यामुळे मला तिच्या खोलीत जाता येत होतं. तिचा चेहरा फोडांनी भरला होता. दुधाने अंगावरचा गाऊन ओला झाला होता.

“पप्पा, कोणासारखी दिसते?”

मला खोटं बोलता आलं नाही. “पाळणा लांब आहे गं. नुसती टोपी दिसते.”

“कुठल्या रंगाची?”

ते मी पाहिलं नव्हतं. लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने खाली निघालो.