यशोधनचे एकशे चाळीस वॅट

यशोधन माझा मित्र आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

आम्ही दोघं नानाखेड्यातल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. आता दोघंही कॉम्प्युटर जोडून देतो आणि कुणाला जास्त वेग हवा असेल तर कंपनीनं ठरवलंय त्यापेक्षा प्रोसेसर जोरात पळवून देतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे यशोधनला मी शिकवलं. तरी लोक शोधत येतात ते यशोधनला. घरचा कॉम्प्युटर हळू झाला की माझी सख्खी आई मला म्हणते, "एकदा यशोधनला दाखवून घे ना."

त्याच्यात काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. उंची बेताची, बोलणं असं की एक वाक्य झाल्यावर दुसरं येईल की नाही याची आपल्यालाच काळजी. पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि भिंतीला टांगायचा एक जुना थर्मामीटर. गिऱ्हाइकाकडे गेला की आधी खुर्ची ओढून बसतो. चहा घेतो, पोहे आले तर पोहेही घेतो. तासभर मशीनला हात लावत नाही. मी याला आळस म्हणत आलो. लोक म्हणतात, मुलगा शांत आहे.

यंदा मे महिन्यात टॉवर चौकाजवळच्या विनोदिनीताईंना त्यांच्या फोटो स्टुडिओतले सगळे कॉम्प्युटर सांभाळायला कायमचा माणूस हवा होता. लग्नाचे व्हिडिओ तयार व्हायला फार वेळ लागतो, ही त्यांची तक्रार. त्यांनी आम्हाला एकसारखी दोन मशीन्स दिली. "रविवारी दुपारी दोन्हींवर एकच लग्न लावते. ज्याचा व्हिडिओ आधी होईल तो माझा माणूस."

मला ते काम हवं होतं. त्याहून जास्त, ते यशोधनला मिळायला नको होतं.

प्रोसेसरनं किती वीज ओढायची याच्या दोन मर्यादा असतात: एक थोड्या वेळाच्या धावेची, दुसरी सतत चालण्याची. मी दोन्ही पार उघड्या सोडल्या. पहाटे घरी, मशीनचं झाकण काढून, समोर कूलर लावून चाचणी घेतली. आकडे इतके देखणे आले की फोटो काढून यशोधनला पाठवला. उत्तर आलं, "छान."

मी फोनच लावला. "तू सतत चालायला किती ठेवलेस?"

"एकशे चाळीस वॅट."

"एकशे चाळीस? ओव्हरक्लॉक करून राहिलास का बैलगाडी जुंपून राहिलास?"

"बघू यार."

रविवारी दोन वाजता दोन्ही मशीन्स सुरू झाली. वीस मिनिटांत माझं काम चौतीस टक्के, त्याचं सत्तावीस. "यश्या, तू पोहे खाऊन ये," मी म्हटलं, "तोवर माझ्याकडची वरात निघते."

तेवढ्यात विनोदिनीताईंनी टेबलावर अल्बमची पानं मांडली आणि स्टुडिओतला कूलर बंद केला. "दमट हवेनं पानं चिकटतात रे." मग मशीन्स ज्या लाकडी कपाटात होती त्याची दारंही लावून घेतली.

"ताई, दारं कशाला?"

"रोजच लावते. दुपारी रस्त्याची धूळ किती येते!"

मी यशोधनकडे बघितलं. तो चहाकडे बघत होता.

बासष्ट टक्क्यांवर माझा स्क्रीन काळा झाला. प्रोसेसरला वीज पोचवणारा मदरबोर्डवरचा भाग त्या बंद कपाटात इतका तापला की मशीननं स्वतःच मान टाकली. ते थंड होऊन सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला, आणि व्हिडिओ पुन्हा शून्यापासून. शेजारी यशोधनचं एकशे चाळीस वॅट धाप न लागता चाललं होतं. सव्वातीनला त्याच्या स्क्रीनवर नवरीची पाठवणी झाली. माझ्याकडे अजून हळद लागत होती.

"तुला माहीत होतं," मी बाहेर त्याला गाठलं. "कूलर, दारं, सगळं."

"तीन दिवस दुपारचा चहा इथे प्यायलो. थर्मामीटर कपाटात ठेवला होता."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू विचारलं कुठे? तू आकडा विचारलास. तो सांगितला."

आतून ताईंनी हाक मारली, "अरे, तुझं मशीनपण याच्यासारखं करून दे हं!" मी आत गेलो आणि माझ्याच हातानं एकशे चाळीस भरलं. तीन आकडे दाबायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता. यशोधन मागे उभा होता. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. "कुठे आहेस?"

मी नानाखेडा बस स्टँडसमोर, एका बॅनर छापणाऱ्याच्या दुकानात, तासभर खुर्चीवर बसलो होतो. दुसरा चहा चालू होता. मी घेतलेला नवा थर्मामीटर त्याच्या मशीनच्या मागे टांगला होता.

"घरी झोपलोय," मी म्हटलं.

तेवढ्यात दारासमोर इंदूरच्या बसनं लांबलचक हॉर्न वाजवला. कंडक्टरची "इंदौर, इंदौर!" ही हाकसुद्धा अगदी स्वच्छ ऐकू गेली असणार.

यशोधन म्हणाला, "छान."