शेवटचं नीट काय झालं?

साल दोन हजार बावीस. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा मी तिसरीतच सोडली, पण घाटकोपरपासून गोरेगाव-कांदिवलीपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला. खारदांड्याला होड्यांवर नावं घातली. शिकलेली माणसं रस्त्यात थांबून माझं अक्षर बघायची, हे मी स्वतः सांगतो, कारण बघणारे आता फारसे उरले नाहीत. त्या वर्षी मनीषा पहिल्यांदा माझ्या घरी आली. चप्पल काढली, पाणी घेतलं, लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "काका, शेवटचं नीट काय झालं?"

मी म्हटलं, "नीट काय झालं ते काय विचारतेस गो? बिघडलंय म्हणून बोलावलं ना तुला?"

"बिघडलेलं सगळेच सांगतात. अर्धा अर्धा तास सांगतात. नीट झालेलं शेवटचं सांगा. बिघाड त्याच्या शेजारीच बसलेला असतो."

ही तिची सवय. असल्फ्याला तिचा छोटा गाळा होता. कॉम्प्युटर, वेबसाइट, कुणाचं काय बंद पडलं की लोक तिच्याकडे धावत. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा. वडील तिकडे जालन्याकडून आलेले, तिचा जन्म इथलाच. गाळ्यात बुद्धाची एक तसबीर, खाली वायरींचा गुंता, आणि दारावर कागद चिकटवलेला. त्यावर छापील अक्षरांत 'एम. के. सर्व्हिसेस'. येता-जाता तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायचा.

माझं दुखणं असं होतं. फ्लेक्स आले आणि माझ्या पाट्या एकेक करून उतरल्या. काही भंगारात गेल्या, एक तर मी गटारावर झाकण म्हणून बघितली. पण मी प्रत्येक पाटीचा फोटो काढून ठेवला होता. भाच्याने त्यांची वेबसाइट करून दिली. फोटो तिथे गेले म्हणून मी निर्धास्त झालो, जुने फोटो पावसात भिजून गेले तरी हळहळलो नाही. मग ती वेबसाइट ज्यांच्या मशीनवर होती त्या कंपनीने कळवलं, आम्ही धंदा बंद करतोय, महिनाअखेरीला सगळं पुसलं जाईल, तोवर तुमचं सामान उचला. उचलायचं म्हणजे सगळ्याची प्रत काढायची, म्हणजे बॅकअप. तो सुरू व्हायचा, अर्ध्याच्या पुढे जायचा आणि थांबायचा. दर वेळी. भाचा परदेशातून फोनवर म्हणायचा, "मामा, परत लावा." शेजारचा सावंत म्हणायचा, "तुझा नेट भिकार." नेट बदललं. तरी तेच. महिना संपत आला होता. प्रत निघाली नसती तर माझ्या हाताने जे जे लिहिलं, त्यातलं या जगात काहीच उरलं नसतं.

मनीषाने सावंताला समोर बसवून विचारलं, "दर वेळी एकाच जागी थांबतो की वेगवेगळ्या?"

सावंत म्हणाला, "थांबतो म्हणजे थांबतो. जागा कोण बघतो?"

"हेच बघायचं असतं. नेट भिकार असेल तर कुठेही थांबेल. एकाच जागी थांबला तर तिथे कुणीतरी आडवा पडलाय."

तिने बॅकअप लावला आणि डोळे न हलवता बघत बसली. थांबला. पुन्हा लावला. त्याच जागी थांबला. प्रत ठेवायच्या जागेत भरपूर मोकळं आहे ना, तेही तिने तपासलं. होतं. मग तिने फोटोंचे दोन भाग केले. एक भाग सरळ गेला, दुसरा अडला. अडलेल्याचे पुन्हा दोन भाग केले. असं करत करत शेवटी एक फोटो हातात आला. ती मोठ्याने वाचू लागली, "सातेरी किराणा भांडार शुद्ध तूप मिळेल मालक गोविंद सखाराम परब आणि बंधू." श्वास घेऊन म्हणाली, "काका, हे फोटोचं नाव आहे की लग्नाची पत्रिका?"

"पाटीवर जसं आहे तसंच नाव," मी म्हणालो. "भाच्याला मीच बजावलं होतं. एक अक्षर कमी चालणार नाही."

"अडलंय ते याच्यामुळे. प्रत जिथे उतरवतोय, तिथे नावाच्या लांबीला मर्यादा आहे. आणि मराठी अक्षर तिथे इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. नाव लांब झालं की ती जागा फोटो आत घेतच नाही. छोटं करू. 'परब किराणा' ठेवू."

"नाही."

"मग फोटो जाईल."

"जाऊ दे."

"एकटा जाणार नाही तो. इथे अडला की मागची सगळी रांग थांबते. तुमच्या हट्टापायी सगळे जातील."

तिला मी परबांची हकिकत सांगितली. माझ्या आधीच्या पेंटरने जागा पुरेना म्हणून 'आणि बंधू' गाळलं होतं. धाकटा भाऊ पाटी बघून घरी गेला तो दुकानात आलाच नाही, गल्ल्यावर कोण बसणार यावरून जेवणाचं ताट वेगळं झालं. मी नवी पाटी रंगवली, बंधू घातला, तेव्हा धाकट्याने स्वतः शिडी धरली. "पाटी लहान असेल तर मी अक्षर बारीक करीन," मी तिला म्हणालो, "माणूस कापणार नाही."

सावंत हसला. ती हसली नाही. तिने विचारलं, "आणि अक्षर बारीक करूनही मावलं नाही तर काय करायचात?"

"खाली आणखी एक फळी जोडायचो."

"मग इथेही फळी जोडू. फाइलचं नाव लहान ठेवू, ते मशीनसाठी. आणि वेबसाइटवर फोटोच्या खाली, जिथे माणसं बघतात, तिथे पाटीवरचं अख्खं नाव. तुपासकट, बंधूसकट. ते पानही प्रतीत उतरतं."

मी विचार केला. फळी जोडण्यात कमीपणा नव्हता. "चालेल," म्हटलं. "पण नावं मी सांगणार, तू लिहायचं."

"लिहिते. तोंडाने सांगायचं, मान हलवायची नाही."

परबांच्या मागे अडलेल्या रांगेत लांब नावांच्या पाट्या आणखी बऱ्याच निघाल्या. दुपारभर मी सांगत होतो आणि ती लिहीत होती. मध्ये एकदा म्हणाली, "काका, या जगात छोटं नाव ठेवणारा दुकानदार तुम्हाला भेटलाच नाही का?" मग बॅकअप लावला. अर्ध्यापाशी आला तेव्हा सावंतही पडद्याकडे वाकला. बॅकअप पुढे सरकला. परबांची पाटी गेली, मागची रांग चालू लागली, आणि पडद्यावर 'पूर्ण' असं आलं.

मी पेढे आणायला सदरा चढवला. ती म्हणाली, "बसा. अजून काही झालेलं नाही."

"समोर लिहिलंय ना, पूर्ण म्हणून."

"ते मशीन म्हणतंय. प्रत उघडून बघितल्याशिवाय ती प्रत नाही." तिने स्वतःचा दुसरा लॅपटॉप काढला, नेट बंद केलं, त्यावर प्रत उघडली. "आता तुम्हाला हवी ती पाटी मागा. मी निवडणार नाही."

मी खारदांड्याची होडी मागितली. आली. निळ्या रंगावर पांढरं अक्षर, मासे सुकत घातलेले मागे दिसत होते. भटवाडीतली पिठाची गिरणी मागितली. आली. मग परबांची मागितली. आली, खाली पूर्ण नाव. मी 'आणि बंधू'वर बोट ठेवलं. ती म्हणाली, "आता आणा पेढे."

पुढे दोन वर्षांनी मनीषा नाशिकला गेली. गाळा दुसऱ्याला दिला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जाताना टेबल-खुर्ची तिथेच सोडली, पण दारावरची पाटी तिने स्वतः शिडीवर चढून उतरवली आणि जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेली. अधूनमधून फोन येतो. "काका, प्रत उघडून बघितलीत का या महिन्यात?" बघितली नसेल तर मी आधी बघतो, मग तिला उत्तर देतो.

ती पाटी त्या कामाच्या दुसऱ्याच दिवसाची. सकाळी उठलो, माळ्यावरून रंगाची पेटी काढली, सागाची एक फळी घासून घेतली आणि असल्फ्याला तिच्या दारात जाऊन बसलो. ती यायच्या आत कागद खरवडून काढला. 'मनीषा भगवान कांबळे' असं पूर्ण नाव घातलं, वडिलांसकट. ती आली, बघत उभी राहिली, म्हणाली, "एवढं लांब?"  मी खाली दुसरी फळी जोडली आणि लाल रंगात, बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला आत येण्याआधी वाचता यावं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं : शेवटचं नीट काय झालं ते आठवून आत या.