वरच्या काकू

वरच्या काकू कुठल्याही बाळाचा गालगुच्चा घ्यायच्या नाहीत. आधी कॉलरच्या आत, मानेमागे दोन बोटं सरकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, बरोबर आहे." ओळख त्यानंतर.

परदेशात, एटोबिकोत आम्ही त्यांच्या मुलाच्या घराच्या तळघरात, बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. त्या नागपूरच्या, मी कराडकडची. माझी चिनू डिसेंबरात झाली. आई फोनवर सांगायची, थंडी सरेपर्यंत पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नको. इथली थंडी एप्रिलपर्यंत सरत नाही, हे तिला काय माहीत? नवरा कामावर गेला की मी आणि चिनू, आणि छताजवळची ती एवढीशी खिडकी. बर्फ पडला की तीही बुजायची. मला उगाचच रडू यायचं.

एकदा हिय्या करून मी चिनूला बाहेर न्यायला तयार केलं. दोन बंड्या, आईनं विणलेला स्वेटर, कुंची, मोज्यांवर मोजे, वर बर्फातला जाडजूड स्नोसूट, त्यावर रजई. पोरगी लालबुंद होऊन किंचाळत होती. काकू जिना उतरून आल्या. "काय करून राहिली तू? बाळ आहे का वळकटी?"

मी म्हटलं, हात गार लागतायत तिचे.

"हात खोटं बोलतात. मान पाहा." मान घामानं चिंब होती. हाच घाम बाहेर गेल्यावर गार पडतो, असं सांगत त्यांनी सगळं उतरवलं आणि पुन्हा घातलं. आपण घालतो त्याहून बाळाला एक थर जास्त, एवढाच त्यांचा हिशोब. मोजा एकच, कोंबले की पाय उलट गारठतात. त्यांच्या मुलाच्या गाडीत तिला बाळाच्या सीटवर बसवताना तर स्नोसूटही काढायला लावला. पट्टे अंगालगत आवळले आणि रजई वरून पांघरली. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "पट्ट्यानं पोरीला धरायचं, कापसाला नाही."

माझी शाळा आठवीत सुटली. इंग्रजी अक्षरं लावत बसते मी. हे मी होऊनच त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या फोनवर 'फील्स लाइक'चा आकडा कुठे असतो ते दाखवलं. वाऱ्यासकट थंडी तिथे कळते. आकडा फारच खाली असला तर त्याच सांगायच्या, आज घरीच खेळा. बाकी रोज दहा मिनिटं का होईना, आमची फेरी ठरलेली. पण काकू बरोबर असल्या तरच. एकटीनं जायची माझी छाती होत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं लांब व्हिटबीला घर घेतलं. सामान गेलं, काकू गेल्या. आठवडाभर मी पुन्हा दार लावून बसले. नवव्या दिवशी चिनूला तयार केलं, स्ट्रॉलर काढला, बस धरली, मग ट्रेन, मग पुन्हा बस.

दार उघडून काकूंनी आधी माझ्या मागे पाहिलं. "कोणासंग आली?"

"आम्ही दोघीच आलो, काकू."

काकूंनी चिनूला कडेवर घेतलं, कुकर लावला. ताट वाढताना म्हणाल्या, "पोटभर जेव. आणि उजेड आहे तोवर निघ. सोडायला कोणी येणार नाही."